पटावर निघालेलं इंजिन

सासऱ्याला उलट बोलायचं नाही, हा नियम लखीराम राठोडनं लग्नाच्या दिवसापासून पाळला होता. सासरे डोंगरसिंग म्हणजे तांड्याचे नायक, शंकरपटाच्या, म्हणजे शर्यतीच्या, बैलांचे शौकीन, आणि आवाजाचे असे धनी की त्यांनी ओट्यावर बसून तंबाखू मागितली तर नदीपलीकडच्या शेतातला माणूस घेऊन यायचा. अशा माणसापुढं मान हलवावी आणि चहा प्यावा, यातच जावयाचं भलं असतं. पण त्या दिवाळीला लखीरामनं मान हलवायच्या ऐवजी तोंड उघडलं. पुढं जे रामायण घडलं ते एवढ्या एका चुकीमुळं घडलं.

लखीराम नेरच्या एका जिनिंग फॅक्टरीत स्टोअर क्लार्क होता. महाराष्ट्र राज्य होऊन दीड-दोन वर्षं झाली होती, आणि तांड्यातून मॅट्रिक होऊन टेबल-खुर्चीवर बसणारा तो पहिलाच. डोक्यावर पंखा होता (तो उन्हाळ्यात बंद पडायचा आणि थंडीत आपोआप सुरू व्हायचा, पण होता). क्वार्टरच्या दारात नळ होता. गल्लीतले लोक त्याला राठोडसाहेब म्हणायचे, निदान अर्ज लिहून घ्यायचा असला की म्हणायचे. सासऱ्याच्या लेखी मात्र हे सगळं शून्य होतं, कारण जावयाच्या दारात बैल नव्हता. ज्या घराला शेणाचा वास नाही ते घर कसलं, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

"जवाईबापू," भरल्या ओट्यावर त्यांनी विचारलं, "घरी सध्या जनावर किती?"

"एकबी नाई, मामाजी."

"म्हंजे तुमी एकटेच."

ओटा हसला. दाराआडच्या मेहुण्यांच्या बायका हसल्या. लखीरामची बायको लालीबाई हसली नाही, पण तिनं पदर तोंडाला लावला, आणि त्या पदराचं काय समजायचं हे लखीरामला कळेना. त्याच्या डोक्यात सणक गेली. तो म्हणाला की मामाजी, माझ्याकडं असं जनावर आहे की जे तुमच्या बादल-फौजीच्या जोडीच्या पुढं धावेल, त्याला वैरण लागत नाही, ते शेण टाकत नाही आणि शेपटी मारत नाही. त्याला इंजिन म्हणतात.

डोंगरसिंगांनी चिलीम खाली ठेवली. ती खाली ठेवली की तांड्यात काहीतरी ठरतं, हे पोराबाळांनाही ठाऊक होतं.

"पौषात आपल्या माळावर पट भरते," ते म्हणाले. "आना तुमचं इंजिन. माह्या जोडीच्या पुढं गेलं, तर मी पटाचा नाद सोडला. नाई गेलं, तर तुमी नोकरी सोडा, बिऱ्हाड घेऊन इथं या, आन बादल-फौजीचं खानं, धुनं, चोळनं सारं तुमच्याकडं. बोला."

लखीराम 'बोलतो' म्हणाला. दुसरं काही म्हणायला जागाच उरली नव्हती.

आता इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, जी लखीरामनं कोणालाच सांगितली नव्हती. तो बैलांना घाबरायचा. साधासुधा नाही, पार गाळण उडेपर्यंत. त्याच्या पणज्यानं शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ लादून अर्धा मुलुख पालथा घातला होता, आणि हा पणतू समोरून बैलगाडी आली की दुकानात शिरून नको असलेल्या वस्तूची चौकशी करायचा. खरं म्हणजे तो शिकला तोही याच कारणानं. शाळेत बैल नसतात. सासुरवाडीला गोठ्याकडं जायची वेळ आली की त्याला कडब्याच्या धुळीनं शिंका यायच्या, आणि जावई नाजूक आहेत म्हणून लोक सोडून द्यायचे. आता पैज हरली तर शिंकांवर आयुष्य निघणार नव्हतं.

परतीच्या बसमध्ये लालीबाई म्हणाली, "मले भावजयांच्या हाताखाली पुन्हा राहाचं नाई. दारचा नळ सोडून नदीवर घागर घेऊन जायचं नाई. तुमी बोलले, आता तुमी जिंका. नाई जिंकले तर मी नेरलेच राह्यते, तुमी जा बैलं धुवाले."

इतकी सरळ धमकी तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच दिली होती, आणि लखीरामला ती मनापासून पटली.

आता ते इंजिन. फॅक्टरीच्या मॅनेजरच्या बंगल्यावर जुन्या मालकाच्या काळात हिरवळ होती आणि ती कापायला पेट्रोलवर चालणारं एक मशीन होतं. नव्या मॅनेजरनं हिरवळ खणून तिथं वांगी आणि मेथी लावली. मेथी कापायला मशीन लागत नाही, तेव्हा त्यांनी ते लखीरामला 'घेऊन जा बाबा, गोदामातली अडगळ' म्हणून देऊन टाकलं. ते त्याच्या परसात पडलं होतं आणि त्यावर शेजारणीच्या कोंबड्या बसायच्या. इंजिन बारीकसं, आपल्या पितळी तांब्याएवढं. ते चालू करून पाहिलं तेव्हा त्यातून जो वेग निघाला, त्या वेगानं कोंबड्यासुद्धा उठल्या नाहीत.

मग लखीराम बबनराव फिटरकडं गेला. हा गृहस्थ फॅक्टरीच्या ऑइल इंजिनवर होता आणि पूर्वी पलटणीत ड्रायव्हर होता. किती वर्षं होता हे कोणालाच माहीत नव्हतं, पण त्याच्या तोंडून ऐकाल तर लढाई त्यानंच संपवली. त्यानं मशीनभोवती फेरी मारली, त्याला पायानं ढोसलं आणि सांगितलं की यात दम आहे, फक्त तो बाहेर काढावा लागेल. पलटणीत असताना साहेब लोकांच्या फटफट्या शर्यतीसाठी त्यानंच तयार केल्या होत्या.

दम बाहेर काढण्याचं काम लखीरामच्या घरात सुरू झालं, आणि घरातून एकेक वस्तू त्यात जाऊ लागली.

आधी गव्हर्नर निघाला. इंजिन एका मर्यादेपलीकडं पळू नये म्हणून बसवलेला हा पुर्जा. बबनरावनं तो उपटून अंगणात फेकला. लालीबाईनं तो उचलून पुसला आणि विचारलं, "जास्त पळू नये म्हनून कोन्या शहान्या मानसानंच बसवला असंन ना हा? तुमी कायले काढून राह्यले?"

"तुले नाई समजनार," लखीराम म्हणाला. हे वाक्य त्यानं पुढच्या दोन महिन्यांत इतक्या वेळा वापरलं की अखेर ते झिजलं.

मग इंजिनाचं डोकं घासायचं ठरलं. डोकं घासून पातळ केलं की आतला स्फोट जोरात होतो, असा बबनरावचा सिद्धांत. घासायला सपाट दगड हवा, आणि घरात सपाट दगड एकच होता: लालीबाईचा पाटा. ती बाजारात गेल्याचं बघून दोघांनी त्यावर इंजिनाचं डोकं दुपारभर घासलं आणि मग पाटा धुऊन जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क जेवायला होते. त्यांनी जवसाची चटणी तोंडात घातली, थोडा वेळ विचार केला, आणि चटणीला लोखंडाचा गुण आहे म्हणाले. लालीबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. लखीराम वरणाकडं पाहत होता.

त्यानंतर पेट्रोलचं छिद्र मोठं करायला तिची काचोळीवर आरसे टाकायची बारीक सुई गेली आणि मोडूनच परत आली. इंजिन बसवायचा गाडा करायला त्याची स्वतःची सायकल गेली: तिची चाकं, तिची साखळी, तिची सीट. लखीराम पायी फॅक्टरीत जाऊ लागला. शेवटी सायलेन्सर कापला. बबनराव म्हणाला की धूर बाहेर पडायला मोकळी वाट पाहिजे, कोंडला की ताकद कोंडते. मोकळी वाट मिळाल्यावर इंजिन जे काही बोललं ते ऐकून शेजारच्या कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं आणि शेजारीण लालीबाईशी बोलायची बंद झाली. पैकी कोंबड्या लवकर सावरल्या.

पण खरा वैताग तेलाचा झाला.

अशा इंजिनाला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं. साधं तेल चालतं, पण बबनरावला साधं काही चालत नव्हतं. "रेसच्या इंजिनाले एरंडेल लागते," तो म्हणाला. "पलटनीत साहेब लोक फटफट्या पळवत, तवा सारं मैदान एरंडेलानं घमघमे." (ही एक गोष्ट त्यानं खरी सांगितली होती.) म्हणून लखीराम रामधनच्या किराणा दुकानात गेला आणि एरंडेलाची बाटली मागितली. त्याच आठवड्यात दुसरी मागितली. मग म्हणाला, डबाच द्या.

रामधननं डबा दिला नाही, आधी त्याच्याकडं पाहिलं. "येवढं कोनाले पाह्यजे, राठोडसाहेब?"

"इंजिनाले."

रामधनची नजर हळूच लखीरामच्या पोटावर आली. "समजलो," तो आवाज खाली आणून म्हणाला. "कधीपासून अडलं इंजिन?"

लखीरामनं परोपरीनं समजावलं. गाड्याचं वर्णन केलं, पटाचं सांगितलं. तो जितकं समजावत गेला तितकी रामधनच्या चेहऱ्यावरची दया वाढत गेली. संध्याकाळपर्यंत नेरमध्ये बातमी झाली की जिनातल्या क्लार्कला भयंकर बद्धकोष्ठ आहे आणि बिचारा लाजेनं इंजिनाचं नाव पुढं करतो. हेडक्लार्कनं त्याचं टेबल दाराजवळ हलवलं, घाई झाली तर बरं म्हणून. ओळखीचे लोक रस्त्यात थांबवून इंजिन कसं आहे विचारू लागले, आणि त्यानं 'दणक्यात चालू आहे' म्हटलं की समाधानानं पाठ थोपटू लागले. तांड्यावरून सासूबाई सुखीबाईंनी बसच्या कंडक्टरबरोबर हिरड्याची पुरचुंडी पाठवली. वर निरोप, की लाजू नका, मोठमोठ्यांना होतं. लखीरामनं ती पुरचुंडी भिंतीवर फेकली, आणि मग उचलून डब्यात ठेवली, कारण सासूबाई आल्या असत्या तर विचारलं असतं.

या सगळ्या छळात एकच सुख होतं. इंजिन पळत होतं. सुटीच्या दिवशी फॅक्टरीच्या कापसाच्या आवारात त्यानं गाडा सोडला तेव्हा वारा डोळ्यांत गेला, टोपी उडाली, आणि आवाराच्या भिंतीपाशी त्याला पायानं ब्रेक लावावा लागला. चपलेचा तळ गेला, पण मनातली भीतीही जरा गेली. लालीबाईनं दोन-तीनदा पेट्रोलात एरंडेल कसं मिसळायचं ते पाहून घेतलं आणि मग तेच काम तिच्याकडं आलं. तिनं विचारलं की हे तेल नेमकं कशासाठी. लखीराम म्हणाला, जनावराला जसा खुराक, तसा हा इंजिनाचा खुराक समज. जास्त तुला नाही समजणार.

पटाचा दिवस उजाडला. पौषातली थंडी, अंगावर काटा उभा करणारी. माळावर दोन सरळ दाणी आखल्या होत्या, म्हणजे बैल पळायचे दोन पट्टे, आणि दोन्ही अंगांना आसपासच्या गावांची माणसं दाटली होती. चहाची पालं लागली होती. कर्ण्यातून जोड्यांची नावं पुकारली जात होती. डोंगरसिंगांनी लाल पागोटं बांधलं होतं, आणि जावयाच्या गाड्याभोवती एक फेरी मारून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की याचं तोंड कोणत्या बाजूला. जोडीचा धुरकरी, म्हणजे छकडीवर उभा राहून बैल हाकणारा, होता त्यांचा पुतण्या भावसिंग. त्यानं हात जोडून लखीरामच्या पोटाची चौकशी केली.

लखीरामनं लालीबाईला टाकी भरायला सांगितलं आणि स्वतः बबनरावबरोबर साखळी ताणत बसला. ती बाटल्या घेऊन आईच्या झोपडीकडं गेली आणि थोड्या वेळानं परत येऊन टाकी भरून गेली. त्यानं तिकडं पाहिलंही नाही. मग पंचांनी आधी दुसऱ्या जोड्या सोडल्या, आणि गाडा बराच वेळ गार वाऱ्यात उभा राहिला.

शेवटी नाव पुकारलं गेलं. गाडा रेषेवर आला. आणि तेव्हा लखीरामच्या लक्षात आलं की या सगळ्या दोन महिन्यांत त्यानं एका गोष्टीचा विचारच केलेला नव्हता. बैलाशी शर्यत लावायची तर बैलाशेजारी उभं राहावं लागतं.

फौजी त्याच्या उजव्या खांद्याशी होता. शिंगाचं टोक कानाच्या रेषेत होतं. नाकातून वाफा निघत होत्या आणि त्या लखीरामच्या गालावर येत होत्या. बबनरावनं दोरी ओढली, इंजिन पहिल्या झटक्यात फटफटायला लागलं, लोक ओरडले, आणि लखीरामनं डोळे मिटून घेतले. झेंडा पडल्याचं त्याला दिसलं नाही. त्याला एवढंच कळलं की काहीतरी ओलं, खरबरीत आणि गरम आपल्या कानावरून मानेपर्यंत फिरलं. फौजीनं त्याला चाटलं होतं.

लखीराम किंचाळला. पोटातून, जीव खाऊन किंचाळला, आणि त्याच भरात त्यानं इंजिन पूर्ण सोडलं. सुदैवानं इंजिनाच्या आवाजात आपली किंकाळी कोणाला ऐकू गेली नसणार, असं त्याला वाटलं.

डोळे उघडले तेव्हा बादल-फौजी शेजारी नव्हते. दाणीच्या अर्ध्यात नुसती धूळ दिसत होती. त्याचा गाडाही सुटला होता, चांगल्या जोरात सुटला होता, पण एका मांडवाएवढं अंतर गेल्यावर इंजिन खोकलं. एकदा खोकलं, दोनदा खोकलं, पांढरा धूर सोडला, आणि गप्प झालं. गाडा आपल्या चालीनं थोडा पुढं गेला आणि थांबला.

धूर माणसांत पसरला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं नाक वर केलं आणि विचारलं, "कोनाच्या घरी शिरा होऊन राह्यला बे?"

वास खरोखर सुंदर येत होता. बबनराव धावत आला, त्यानं टाकीचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं आणि बाहेर काढलं. बोटावर पांढरे पिवळसर रवे होते. "पलटनीत असताना," त्यानं सुरुवात केली, पण हे वाक्य त्याला पहिल्यांदाच पुरं करता आलं नाही.

लालीबाई तोवर पोचली होती.

"लाली," लखीराम म्हणाला, "टाकीत काय टाकलं?"

"तूप."

"एरंडेल काहून नाई?"

"एरंडेल काय जिंकाच्या दिवशी देतात?" तिचाही आवाज आता चढला. "ते पोट साफ कराले देतात. मायनं बादल-फौजीले सकाळी तूप-गूळ चारला. मले इचारलं, तुह्या नवऱ्याच्या जनावराले काय देनार. मी एरंडेल म्हटलं तं हसू हसू तिच्या डोळ्यांतून पानी आलं. मंग मी कायले हलकं देऊ? गावरान तूप होतं, चुलीवर पातळ करून टाकलं. गूळ नाई टाकला, नळीत अडकंन म्हनून."

पातळ करून टाकलेलं तूप पौषाच्या गार वाऱ्यात टाकीतल्या टाकीत थिजलं होतं आणि त्याच मोठ्या केलेल्या छिद्रात जाऊन बसलं होतं. लखीरामला ओरडायचं होतं. त्यानं तोंड उघडलंही. पण बायकोचे डोळे भरले होते, आणि तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं याचा विचार केला तर त्याला तूपच बरोबर वाटू लागलं. खुराक म्हणून त्यानंच सांगितलं होतं. दोन महिने ती विचारत होती आणि दोन महिने तो 'तुले नाई समजनार' म्हणत होता. आता नोकरी गेली, नळ गेला, पंखा गेला. उद्यापासून फौजीच्या पाठीवर हात फिरवायचा. त्याला एकदम रडू आलं, आणि धूर डोळ्यांत गेला म्हणून तो ते पुसू लागला.

तेवढ्यात दाणीच्या दुसऱ्या टोकाला गलका उठला. पंच घड्याळ एकमेकांच्या कानाला लावत होते. त्या माळावर आजवर कोणतीच जोडी इतक्या कमी वेळात पळाली नव्हती. भावसिंग छकडीवरून उतरला आणि म्हणत होता की मी काही केलं नाही, बैल आपणच उडाले. माणसांनी डोंगरसिंगांना खांद्यावर घेतलं. पागोटं सुटलं. त्या अवस्थेत ते जावयापाशी आले, आणि लखीरामनं मान खाली घातली.

"हरले तुमी," डोंगरसिंग म्हणाले.

"हरलो, मामाजी."

"पन नोकरी सोडू नका." त्यांनी लखीरामच्या खांद्यावर हात ठेवला, जो हात पूर्वी कधीच आला नव्हता. "हे बैलं काहून उडाले, मले समजते. तुमचं मशीन मागं भडकलं म्हनून उडाले. आता दरेक पटाले मशीन घेऊन या, आन जोडीच्या मागं वाजवा. बैलं धुवाले मानसं भेटतात. हे नाई भेटत."

लखीरामला आकाश ठेंगणं झालं. नोकरी राहिली, नळ राहिला, आणि बैलाला हात लावायचा नाही. शिवाय दोन महिन्यांचं काम अगदीच वाया गेलं नाही. लालीबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि त्याच्याकडं पाहून हसली. तो दिवस त्याच्या सासुरवाडीतला सर्वात चांगला दिवस होता. रात्री पहिल्यांदाच त्याच्या ताटात आधी वाढलं गेलं आणि मग सासऱ्यांच्या.

पण डोंगरसिंग मुरलेले पटवाले. सकाळी बस यायच्या आधी त्यांनी एकदा करून बघायचं म्हटलं. टाकी गरम पाण्यानं शेकून, झाडून, पेट्रोलनं धुतली. रामधनचं एरंडेल घातलं. बादल-फौजी छकडीला जोडले. भावसिंग दोन्ही हातांनी कासरे धरून उभा राहिला, आणि मागं बबनरावनं इंजिन भडकावलं. माळ हादरला. तांड्यातली कुत्री पळाली. एका घरातून पितळेचं भांडं पडल्याचा आवाज आला.

बादल रवंथ करत होता. फौजीनं पुढचा एक पाय दुमडला, जरा विचार केला, आणि तो खाली बसला.

बबनरावनं आणखी भडकावलं. फौजीनं डोळे मिटले. मग भावसिंगाच्याच लक्षात आलं. हे बैल दर हंगामाला कापूस घेऊन नेरच्या जिनात जातात. तिथं मोठ्या ऑइल इंजिनापाशी दिवसभर आपला नंबर येईतो उभे असतात. इंजिनाचा आवाज ऐकला की त्यांना विसाव्याची वेळ झाली असं वाटतं. त्यांच्या दृष्टीनं ती अंगाईच होती.

डोंगरसिंगांची भुवई वर गेली. मग काल काय झालं, असं त्यांनी विचारलं. मशीन जरा जवळ न्या, ते म्हणाले, आणि ते न्यायला लखीरामला सांगितलं, कारण मशीन त्याचं होतं. लखीरामनं शिंकायचा प्रयत्न केला, पण शिंक काही येईना. त्यानं मशीन ढकललं. फौजीनं डोळे उघडले, मागं पाहिलं, कालची ओळख पटून तो उठून उभा राहिला, मान वळवली आणि जीभ बाहेर काढली.

लखीराम पुन्हा किंचाळला. या वेळी इंजिन बंद करून बबनराव बाजूला झाला होता, त्यामुळं ती किंकाळी साऱ्या तांड्यानं नीट, सुटी सुटी ऐकली. ती संपायच्या आत बादल-फौजी भावसिंगाला घेऊन माळाच्या पार टोकाला गेले होते.

मेहुण्यांच्या बायका, पोरं, सासूबाई, पंच, सगळे लखीरामकडं बघत होते. इतकी वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट पाच-पंचवीस माणसांच्या मधोमध उघडी पडली होती, आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं. लालीबाई जवळ येऊन हळूच म्हणाली की मले तं लग्नाच्या साली पोळ्याच्या दिवशीच समजलं होतं, पूजेच्या वक्ती माह्या मागं लपले होते तुमी. ती हे प्रेमानं म्हणाली, म्हणून त्याला अधिकच लागलं.

डोंगरसिंग हसले नाहीत. हसले असते तर परवडलं असतं. ते जावयाभोवती एक फेरी मारून आले, त्याची छाती बाजूनं पाहिली, गळा समोरून पाहिला, आणि मग पटाचा बैल ठरवताना बोलतात तशा शांत आवाजात म्हणाले, "पुढचा पट मारेगावकडं हाये. रजा टाका. जोडीच्या मागं आता तुमची जागा. आन ते मशीन आनू नका, जवाईबापू. त्याचा आवाज लय कमी पडते."